परदेशात पाहिलेला मराठी टीव्ही : आठवणी कशा नोंदवाव्यात, कॅसेटी कशा वाचवाव्यात

अमेरिका, कॅनडा, ब्रिटन किंवा आखाती देशांत १९८० आणि १९९० च्या दशकांत संसार थाटलेल्या अनेक मराठी कुटुंबांच्या माळ्यावर, तळघरात किंवा गॅरेजमध्ये आजही व्हिडिओ कॅसेटींचे एखादे खोके पडून असते. मुंबई दूरदर्शनवरचे कार्यक्रम भारतातल्या नातेवाइकांनी घरच्या व्हीसीआरवर टिपून कोणाच्या तरी सामानातून पाठवलेले असतात. ते पाहायला जमलेली माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत आणि कॅसेटींचेही वय झाले आहे. जुन्या मालिका पुष्कळदा अन्यत्र मिळतात. दूरदर्शनने आणि खासगी वाहिन्यांनी त्यांतल्या बऱ्याच यूट्यूबवर किंवा आपापल्या ॲपवर ठेवल्या आहेत. त्या परक्या गावात कोणाच्या दिवाणखान्यात बसून, कोणाबरोबर आणि किती उशिराने पाहिल्या गेल्या, हे मात्र कोणत्याही ॲपवर मिळणार नाही. म्हणून या कामात कार्यक्रम दुय्यम आणि पाहणारे मुख्य, असा क्रम आरंभीच ठरवून घ्यावा. पुढचे बरेचसे निर्णय त्यामुळे सोपे होतात.

आधी काळ ठरवावा

आठवण सांगणाऱ्यासमोर बसण्यापूर्वी मराठी टीव्हीचा साधा कालक्रम जवळ असावा. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. अमेरिकेने १९६५ मध्ये स्थलांतराचा कायदा बदलल्यावर तिकडे गेलेल्या डॉक्टर-इंजिनिअरांच्या पहिल्या लाटेतल्या अनेकांनी देश सोडला, तेव्हा मुंबईत टीव्हीच नव्हता. अशा माणसाला ‘लहानपणी घरी काय पाहायचात?’ असे विचारण्यात अर्थ नाही. त्याने मराठी टीव्ही पहिल्यांदा पाहिला तो सुट्टीवर मायदेशी आल्यावर, किंवा थेट परदेशात कॅसेटीवर. याउलट १९८० नंतर गेलेल्यांच्या मनात ‘आमची माती आमची माणसं’, ‘गजरा’, ‘साप्ताहिकी’, सायंकाळच्या बातम्या, शनिवारचा मराठी आणि रविवारचा हिंदी चित्रपट हे सारे आधीपासून मुरलेले असते आणि परदेशी पोहोचताच त्याचा विरह सुरू होतो. या दोघांच्या आठवणींचा पोत पूर्णपणे वेगळा असल्याने ‘आपण देश कोणत्या साली सोडला?’ हा पहिला प्रश्न असावा.

त्यानंतरच्या खुणाही लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये, आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी आले आणि घरोघरी व्हीसीआर येऊ लागले ते त्याच सुमारास, त्यांतले कितीतरी आखातातून आलेल्या नातेवाइकांच्या सामानातून. ‘हम लोग’ जुलै १९८४ मध्ये सुरू झाली. ‘रामायण’ जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ आणि ‘महाभारत’ ऑक्टोबर १९८८ ते जून १९९० या काळात चालले. झी टीव्ही ऑक्टोबर १९९२ मध्ये आला. अल्फा मराठी १५ ऑगस्ट १९९९ रोजी आणि ई टीव्ही मराठी २००० साली सुरू झाले. अल्फाचे नाव २००५ मध्ये झी मराठी झाले, तर ई टीव्ही मराठीचे २०१५ मध्ये कलर्स मराठी. ‘आभाळमाया’ ही मालिका अल्फाच्या काळातली. तरी ‘आभाळमाया आम्ही झी मराठीवर पाहिली’ असे कोणी सांगितले, तर त्याची स्मृती खोटी ठरत नाही, कारण नंतरचे नाव आधीच्या आठवणीला चिकटणे फार स्वाभाविक आहे. सांगणाऱ्याला तिथल्या तिथे दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नये. तो जे म्हणतो ते तसेच लिहावे आणि कालाची टीप खाली स्वतंत्र द्यावी.

घड्याळाचा हिशेबही उपयोगी पडतो. ‘रामायण’ रविवारी सकाळी साडेनऊला लागत असे, तेव्हा शिकागोत हिवाळ्यात शनिवारचे रात्रीचे दहा वाजलेले असत. तरीही ‘आम्ही रविवारी सकाळी आंघोळी करून रामायण पाहायचो’ असे शिकागोची एखादी आजी ठामपणे सांगते आणि तिचे म्हणणे खरे असण्याची शक्यता मोठी आहे, कारण ते थेट प्रक्षेपण नव्हतेच. कॅसेट आलेली असायची आणि रविवार सकाळ ही वेळ घराने स्वतः ठरवून पाळलेली होती. हातात नुसती तारीख असती, तर ही गोष्ट सुटून गेली असती. ब्रिटनमधल्या कुटुंबांची गोष्ट निराळी आहे. तिथे ‘महाभारत’ १९९० च्या सुमारास बीबीसीवर इंग्रजी सबटायटलांसह दाखवले गेले, त्यामुळे शेजारच्या इंग्रज घरातही कौरव-पांडव माहीत झाले. लंडन किंवा लेस्टरच्या माणसाला त्याबद्दल आवर्जून विचारावे.

काय विचारावे

‘तुमची आवडती मालिका कोणती?’ हा प्रश्न टाळावा. त्याचे उत्तर एका नावात संपते आणि पुढे संभाषण मालिकेच्या कथानकाकडे घरंगळते. त्याऐवजी खोलीविषयी विचारावे. टीव्ही कोणत्या भिंतीला होता, खाली गालिचा होता की सतरंजी, किती घरची माणसे जमायची, मुले कुठे बसायची, मध्यंतरात काय खायला असायचे, कॅसेट संपल्यावर लगेच घरी जायचे की पुन्हा एकदा लावायची. अशा प्रश्नांनी माणसे बोलू लागतात. कॅसेटीच्या प्रवासाचा प्रश्न तर कधीही गाळू नये. ती भारतात कोणी टिपली, कोणाच्या बॅगेतून आली, तिची प्रत कोणी काढली, पुढे कोणत्या गावी गेली आणि परत आली का? न्यू जर्सीतल्या एका घरची कॅसेट पेनसिल्व्हेनिया, ओहायो करत वर्षभराने परतल्याची आणि मधल्या कोणीतरी तिच्या शेवटी आपल्या मुलाचा वाढदिवस टिपून ठेवल्याची हकिकत मी ऐकली आहे. त्या काळच्या मराठी वस्तीचा नकाशा काढायचा, तर अशा कॅसेटींच्या फेऱ्यांवरून तो बराच बिनचूक निघेल.

हिंदी चित्रपटांच्या कॅसेटी किराणा दुकानांतून भाड्याने मिळत. न्यूयॉर्कचे जॅक्सन हाइट्स, शिकागोचा डेव्हन ॲव्हेन्यू, लंडनचे साउथॉल या ठिकाणी डाळ-तांदळाच्या गोण्यांशेजारी त्यांची मांडणी असे. मराठी कॅसेटी मात्र तिथे क्वचितच सापडत. त्या हातोहात फिरायच्या, नाही तर महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात बदलाबदली व्हायची. म्हणून मंडळाचे जुने कार्यकर्ते, विशेषतः ग्रंथालय सांभाळणारे, यांच्याशी बोलणे सोडू नये. बृहन्महाराष्ट्र मंडळ या उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या शिखर संस्थेच्या अधिवेशनांच्या स्मरणिका, ‘बृहन्महाराष्ट्र वृत्त’ आणि टोरांटोहून निघणारे ‘एकता’ यांचे जुने अंकही चाळावेत. त्यांतल्या लेखांइतकेच जाहिरातींकडे आणि छोट्या निवेदनांकडे लक्ष द्यावे, कारण कॅसेट, डिश आणि वाहिनी यांचे कालमान तिथे आयतेच छापलेले सापडू शकते.

संभाषण फोनवर ध्वनिमुद्रित करावे, परवानगी आधी घ्यावी आणि शक्य असल्यास दोघा-तिघांना एकत्र बसवावे. नवरा-बायको एकमेकांना दुरुस्त करतात, तेव्हा तपशील भराभर बाहेर पडतात. दुसऱ्या पिढीला मात्र वेगळे बसवावे आणि त्यांना ज्या भाषेत सहज बोलता येते त्या भाषेत बोलू द्यावे. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधल्या आबांमुळे घरातल्या आजोबांचे बोलणे समजू लागले, असे सांगणारी माणसे आज चाळिशीला टेकली आहेत आणि त्यांना हे कोणी विचारलेलेच नसते.

कॅसेट हाताळताना

आता खोक्याकडे वळू. सर्वांत आधी, कोणतीही कॅसेट यंत्रात घालण्यापूर्वी तिचे चारही बाजूंनी छायाचित्र घ्यावे. बॉलपेनने लिहिलेले लेबल हा त्या काळचा दस्तऐवज आहे. माझ्यासमोर असलेल्या एका कॅसेटीवर निळ्या शाईत ‘छायागीत + बातम्या + ताईचं लग्न (अर्धं)’ असे लिहिले आहे, त्यावर काट मारून लाल शाईत ‘महाभारत, पुसू नये’ असे आहे आणि खाली कोपऱ्यात पाठवणाऱ्याने दादरच्या घराचा पत्ता घातला आहे. लेबल फाटत असेल तर ते काढून नवे चिकटवू नये.

यानंतर कॅसेटीच्या पाठीकडची प्लास्टिकची छोटी पट्टी पाहावी. ती शाबूत असेल तर चुकून ‘रेकॉर्ड’ दाबले गेल्यास सारे पुसले जाऊ शकते, म्हणून ती आधी मोडून टाकावी. पट्टीच्या जागी चिकटपट्टी लावलेली असेल तर ती काढावी. मग कडेचे बटण दाबून झडप उचलावी आणि फीत सुरकुतली किंवा तुटली आहे का ते पाहावे. खिडकीतून दिसणाऱ्या गुंडाळीवर पांढुरके, कापसासारखे डाग असतील तर ती बुरशी आहे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत वर्षानुवर्षे राहून नंतर परदेशी आलेल्या कॅसेटींना ती हमखास धरते. अशी कॅसेट यंत्रात घातल्यास यंत्राचे हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, खराब होते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटीला लागण होते. ती वेगळ्या पिशवीत ठेवावी आणि बुरशी साफ करून देणाऱ्या जाणकाराकडेच द्यावी. हे काम घरी करू नये.

आता टीव्ही प्रक्षेपणाच्या पद्धतीचा प्रश्न, ज्याने अमेरिका-कॅनडातल्या मराठी घरांना त्या काळी पुरते हैराण केले होते. भारतातले प्रक्षेपण पाल पद्धतीचे, म्हणजे ६२५ रेषांचे आणि सेकंदाला २५ चित्रांचे होते. अमेरिका, कॅनडा आणि जपान येथे एनटीएससी होती, ५२५ रेषांची आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रांची. पालची कॅसेट तिथल्या साध्या व्हीसीआरमध्ये घातली की चित्र वर-खाली पळे आणि रंग उडून जात. त्यासाठी मल्टिसिस्टिम व्हीसीआर लागे. तो गावात एखाद्याच मराठी घरी असे आणि म्हणून सारा गाव त्या घरी जमे. पुष्कळांच्या आठवणीत एकाच काकूंचा दिवाणखाना पुन्हा पुन्हा का येतो, याचे कारण काकूंच्या आतिथ्याइतकेच त्या यंत्रातही आहे. दुबई, मस्कत, बहरीन किंवा ब्रिटन, ऑस्ट्रेलियातल्या लोकांना ही अडचण आली नाही. तिथेही पालच होती, त्यामुळे तिथले मराठी लोक कॅसेट आपापल्या घरी पाहत आणि तिथल्या आठवणींत एवढी गर्दी दिसत नाही.

आज संगणकावर उतरवून घेताना हीच बाब पुन्हा आडवी येते. भारतात टिपलेली मूळ कॅसेट हाती असेल तर पाल चालवणारे यंत्रच मिळवावे. असे यंत्र भारतातून आणल्यास अमेरिकेत १२० व्होल्टचा वीजपुरवठा असल्याने व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर लागेल, हे आधी पाहून घ्यावे. संगणकाला जोडायच्या कॅप्चर उपकरणाची मांडणी अमेरिकेत बहुधा एनटीएससीवर असते. ती बदलून पाल, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रे अशी करावी. त्या काळी दुकानातून पद्धत बदलून घेतलेली एनटीएससी प्रतही खोक्यात असू शकते. दोन्ही असतील तर मूळ पाल कॅसेटच उतरवावी, कारण प्रतीची प्रत काढताना चित्र दरवेळी विटते. लेबलावर ई-१८० असेल तर ती साध्या वेगात तीन तासांची असते आणि एलपी, म्हणजे निम्म्या वेगात सहा तासांची. पाठवणाऱ्यांनी काटकसरीने एलपी वापरलेली असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून तीन तासांनंतर यंत्र बंद करून उठू नये.

व्हीएचएस, म्हणजे या घरगुती कॅसेटींची, यंत्रे बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले, तेव्हा जे मिळेल ते वापरलेलेच मिळेल. घेतल्यावर आधी बिनमहत्त्वाची एखादी कॅसेट घालून चालवून पाहावी. मग हवी ती कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवून सैल करावी आणि त्यानंतरच उतरवायला घ्यावी. डीव्ही या डिजिटल व्हिडिओच्या स्वरूपात उतरवल्यास तासाला साधारण १३ जीबी जागा लागते. मूळ फाइल तशीच ठेवून घरच्यांना पाहण्यासाठी लहान एमपी४ प्रत काढणे उत्तम.

आणि काहीही कापू नये. ही सूचना मी इतरांपेक्षा अधिक आग्रहाने करतो. ओळखीच्या एका कुटुंबाने आपल्या कॅसेटी एका दुकानात दिल्या होत्या. दुकानदाराने मोठ्या उत्साहाने जाहिराती, प्रक्षेपण खंडित झाल्यावर येणारी ‘व्यत्यय’ची पाटी आणि सुरुवातीची ‘रिकामी’ मिनिटे छाटून सुबक डीव्हीडी करून दिल्या. त्या रिकाम्या मिनिटांत पाठवणाऱ्या मामांनी कॅमेऱ्यासमोर बसून सर्वांची नावे घेत खुशाली विचारली होती. सुदैवाने मूळ कॅसेट परत मिळाली होती. दुकानात काम द्यायचे असेल तर ‘पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत, जसेच्या तसे’ असे लेखी द्यावे आणि मूळ कॅसेटी परत मिळतील याची खात्री करावी.

जाहिराती ठेवण्याला व्यवहारी कारणही आहे. तारीख ठरवायला त्यांच्याइतके उपयोगी दुसरे काही नसते. जाहिरातीखालच्या इंग्रजी पत्त्यात ‘बॉम्बे’ असेल तर मुद्रण बहुधा १९९५ पूर्वीचे आहे. कोपऱ्यातल्या वाहिनीच्या चिन्हावरून अल्फा की झी, म्हणजे २००५ च्या अलीकडचे की पलीकडचे, ते कळते. मध्येच बातम्यांचे दोन मिनिटांचे तुकडे आले तर एखाद्या मथळ्यावरून दिवससुद्धा सांगता येतो. टीव्हीच्या सुरुवातीच्या काळात जगभर टेप महाग असल्याने त्या पुसून पुन्हा वापरल्या जात. तेव्हा प्रादेशिक बातम्या, मुलाखती, स्टुडिओतली नाटुकली असे घरी टिपलेले तुकडे दुसरीकडे कुठेच नसतील, हेही ध्यानात ठेवावे.

डिश, ॲप आणि आई-बाबांची भेट

२००० नंतरच्या आठवणींमध्ये कॅसेट नसते आणि म्हणून लोकांना वाटते की नोंदवण्यासारखे काही नाही. प्रत्यक्षात याच काळात परदेशातला मराठी टीव्ही मुख्यतः भेटीला आलेल्या आई-बाबांचा झाला. सहा महिन्यांसाठी आलेली सासू किंवा आई, बाहेर बर्फ, मुले-सुना कामावर, आणि रात्री आठची मालिका चुकू नये ही तिची काळजी. भारतात रात्रीचे आठ म्हणजे न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात सकाळचे साडेनऊ आणि उन्हाळ्यात साडेदहा. वाहिनीच्या अमेरिकी प्रक्षेपणाच्या वेळा पुन्हा वेगळ्या असत. घरात डिश घेतली ती बहुतेकदा याच भेटीच्या निमित्ताने आणि आई परत गेल्यावर वर्गणी बंद झाली. वर्गणीच्या जुन्या पावत्या, ईमेल सापडल्यास भेटींच्या तारखा त्यांवरून जुळवता येतात. डिश नसलेल्या घरी ‘चार दिवस सासूचे’मध्ये काल काय झाले ते बहीण पुण्याहून फोनवर सांगायची आणि कॉलिंग कार्डाची मिनिटे संपत आली की कथानकाला वेग यायचा. या फोनांच्या आठवणी जरूर विचाराव्यात. त्या सांगताना माणसे हमखास बहिणीच्या आवाजाची नक्कल करतात, आणि तेवढ्यासाठी ध्वनिमुद्रण चालू असणे महत्त्वाचे आहे.

नोंद, हक्क आणि साठवण

प्रत्येक आठवणीची नोंद एका पानावर मावेल अशी करावी. कार्यक्रम, अंदाजे साल, गाव, कोणाचे घर, कोण हजर, कार्यक्रम कसा मिळाला, सांगणाऱ्याने स्वतः पाहिले की ऐकले, आणि संबंधित कॅसेट किंवा फाइल कुठे आहे. फाइलचे नाव साल, गाव, आडनाव आणि कॅसेटीचा क्रमांक यांवरून द्यावे. ‘जुने१’, ‘जुने२ नवीन’ अशी नावे पाच वर्षांनी कोणालाच उलगडत नाहीत. साल नक्की नसेल तर ‘१९८८ ते ९०’ असे लिहावे, उगाच एक आकडा निवडू नये.

उतरवलेली मालिका यूट्यूबवर चढवण्याचा मोह आवरावा. भारतीय कायद्यात प्रक्षेपणाचा हक्क २५ वर्षांचा असला तरी चित्रित कृतीचा स्वामित्वहक्क ६० वर्षांचा आहे, शिवाय तुम्ही राहता त्या देशाचा कायदा वेगळा लागू होतो. कुटुंबातल्या माणसांची दृश्ये असतील तर त्यांना किंवा त्यांच्या मुलांना विचारल्याशिवाय मंडळाच्या कार्यक्रमातही दाखवू नयेत. ध्वनिमुद्रित आठवणी मात्र संबंधितांच्या संमतीने मंडळाच्या ग्रंथालयाला द्यायला हरकत नाही.

फाइलींच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावी, शक्यतो भारतातल्या नातेवाइकांकडे. डीव्हीडीवर विसंबू नये. मूळ कॅसेटी उतरवून झाल्या म्हणून टाकून देऊ नयेत. त्या पूर्ण मागे फिरवून, आपापल्या खोक्यात, पुस्तकासारख्या उभ्या, तळघराऐवजी राहत्या घरातल्या कोरड्या कपाटात, स्पीकर आणि हीटरपासून दूर ठेवाव्यात. नोंदीच्या कागदाची एक प्रत त्याच खोक्यात घालावी.